गुणाचं लेकरू

पुढच्या खोलीत कापूस, मागच्या खोलीत आम्ही.
भाव चढेल म्हणून ठेवलेला कापूस
आढ्याला टेकला होता.
त्याचा तूस उडायचा, भाकरीवर बसायचा.
रात्रभर अंगाला खाज, आणि खोकला असा
की खालचे टाके उसवतील वाटायचं.

ह्यांनी भोयरच्या मेडिकलमधून आणल्या
खाजेच्या बारक्या पिवळ्या गोळ्या
आणि एक तपकिरी बाटली.
"बायकोले खोकला हाय," एवढंच सांगितलं.
बायको ओली बाळंतीण आहे का,
हे त्यानं विचारलं नाही,
ह्यांना सांगायचं सुचलं नाही.
औषध गोड होतं. दुपारी एक झाकण, रात्री दोन.

तिसऱ्या दिवशी पोरगी शहाणी झाली.

न्हाऊ घालताना रडेना,
टाळूवर तेल जिरवताना नुसती जांभई.
नणंद म्हणाली, "नशीबवान हायेस व तू,
माह्या पोट्ट्यानं तं तीन महिने झोपू नाई देल्लं."
शेजारची गोदूबाई गालावरून बोटं मोडून गेली,
"गुनाचं लेकरू हाय माय."
मी ऐकत होते,
आणि पदराखाली दूध दाटून दगड.
तोंडात दिलं की दोन घोट, मग ओठ सैल,
थेंब हनुवटीवरून गळ्याच्या वळीत.
तळपायाला टिचकी मारली.
ओल्या फडक्यानं कान पुसले.
डोळे उघडले तिनं,
पण त्या डोळ्यांत मी नव्हते.

मेश्रामताई वजनाची झोळी घेऊन आल्या.
काटा थांबायच्या आधीच त्यांनी विचारलं,
"लंगोट किती ओले होतेत दिवसातून?"
मी बोटं मोजली. दुसऱ्या बोटावर थांबले.
"अन् तू काय घेऊन राह्यली?"
"मी? मी तं खोकल्याचं..."

तेव्हा मला ऐकू आलं मी काय म्हणाले ते.

नऊ महिने पपई शिवली नाही.
बाळंतपणात वांगं नाही, वाटाणा नाही,
माठाचं पाणीसुद्धा नाही.
घरभर पहारा माझ्या ताटावर.
बाटलीवर कोणाचाच नव्हता.

मोबाइलच्या उजेडात ताईंनी लेबल वाचलं,
मुंगीच्या पायाएवढी अक्षरं,
आणि वाचता वाचताच म्हणाल्या, "गाडी काढा."

आरोग्य केंद्रात कुडमेथे मॅडमनी
घड्याळ हातात धरून पोरीचा श्वास मोजला.
पुन्हा मोजला.
मी म्हणाले, "दूध तोडू का?"
"दूध काहून तोडतं? बाटली तोड.
आजचा दिवस पिळून टाक, आटू देऊ नको.
सांगीन तेव्हा परत पाज."

मोरीत उभी राहून मी दूध पिळलं.
सासू दाराशी पाठ करून उभी.
दूध सांडलं की शिव्या देणारी बाई,
त्या रात्री काहीच बोलली नाही.
पोरीला वाटी-चमच्यानं दवाखान्यातलं.
मी भिंतीकडे तोंड करून खोकत राहिले, कोरडी.

दुसऱ्या पहाटे ती रडली.
आधी कुरकुर, मग असा टाहो
की पलीकडच्या खाटेवरची बाई चिडली,
"चूप करा ना व त्या लेकराले!"
मी केलं नाही. थोडा वेळ तरी नाही.

आता कापूस गेला. भाव काही चढला नव्हता.
दाढ दुखली तेव्हा मी स्वतः गेले भोयरकडे.
काउंटरला माणसं खेटून उभी,
त्यात माझे भासरे. डोक्यावर पदर घेतला
आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,
"अंगावर पाजतो मी. त्या हिशोबानं द्या."

भासऱ्यांनी रस्त्याकडे पाहिलं.
भोयरनं हातातलं पाकीट
पुन्हा फळीवर ठेवलं.
"थांबा," म्हणाला, "मॅडमले फोन लावतो."